ठोकळ्याला बांधलेली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे.

कसली, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचे एकदाचे हसून होईल. मी संडासाची किल्ली आहे.

हसून घ्या मित्रांनो. मी थांबते.

झाले? मागच्या बाकावर अजून कोणीतरी तोंड दाबून हसते आहे. त्यालाही हसू द्या. हे हसू मी जन्मभर ऐकत आले आहे. आज मला जे सांगायचे आहे, त्याचा आणि ह्या हसण्याचा जवळचा संबंध आहे.

मी पितळेची आहे. तुमच्या करंगळीएवढी. माझ्या डोक्याला भोक आहे, भोकात सुतळी आहे आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला एक लाकडी ठोकळा आहे. अर्ध्या विटेएवढा. लोक म्हणतात, किल्लीला ठोकळा बांधला आहे. बघणाऱ्याला मात्र ठोकळ्याला किल्ली बांधल्यासारखे दिसते. काही जोडप्यांकडे बघूनही मला असेच वाटते, पण तो विषय वेगळा.

मी शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यात असते. कारखाना म्हणजे एकच लांबलचक खोली. तिच्या एका टोकाला कापडाचे तागे आणि कटिंगचे मोठे टेबल. टेबलापुढे इस्त्रीवाले. मध्ये शिलाई मशीनच्या रांगा, त्यांवर बायका. दुसऱ्या टोकाला काजे-बटणे, आणि त्यांच्याही पलीकडे एक निळा पत्र्याचा दरवाजा. तोच माझा दरवाजा.

दरवाजा त्या टोकाला. मी ह्या टोकाला, कटिंगच्या टेबलावरच्या खिळ्याला. एवढे लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

*

माझा जन्म

मी आनंदातून जन्मले, हे खरे वाटणार नाही.

माझ्याआधी निळ्या दरवाज्याला कुलूप नव्हते. कडीही तुटलेली होती. कटिंगवाले, माल उचलणारे, शेजारच्या गोदामातले, ज्याला लागेल तो आत जाई आणि जाताना घाण करून जाई. बायकांना जायचे तर एकीने आत जायचे आणि दुसरीने दाराला पाठ लावून उभे राहायचे.

मग एक दिवस बटणवाल्या मावशी चार बायका बरोबर घेऊन मालकांकडे गेल्या. मावशींचा आवाज मोठा होता आणि त्यांना कोणाची भीड नव्हती. "मालक, बाकी काही नको. एक कुलूप द्या. आमच्यापुरतं."

मालकांनी कुलूप आणवले. त्याच्याबरोबर मी आले आणि माझी जुळी बहीण आली. मावशींनी आम्हा दोघींना आपल्या मशीनमागे एक खिळा ठोकून अडकवले. निळा दरवाजा तिथून हाताच्या अंतरावर. कोणीही यावे, आम्हाला उचलावे, जाऊन यावे. कोणी बघत नसे, कोणी मोजत नसे. बायका आतल्या नळावर तोंड धूत, एखादी गाणे गुणगुणत बाहेर येई.

त्यांत कॉलर होती. तिचे खरे नाव मला कधी कळले नाही. ती शर्टाच्या कॉलरी शिवायची, म्हणून सगळे तिला कॉलर म्हणत. कॉलर शिवणे सोपे नाही, मित्रांनो. दोन्ही टोके सारखी यावी लागतात. एक टोक जरा बसके आले की अख्खा शर्ट रुसल्यासारखा दिसतो. हिची टोके कधी चुकली नाहीत. तेव्हा ती नवीन लग्न झालेली होती. तिच्याकडे एक हिरवी पाण्याची बाटली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती बाटली संपे आणि कॉलर ती नळावर पुन्हा भरून घेई.

हे मी मुद्दाम सांगते. पुढे कोणाला खरे वाटणार नाही.

*

मला जपले जाते

एकदा माझी बहीण खिळ्यावरून घसरली आणि खालच्या चिंध्यांच्या पोत्यात पडली. पोते गेले, तीही गेली. दुसऱ्या दिवशी बायकांनी सगळे पालथे घातले. ती सापडली नाही.

ही गोष्ट मास्तरांच्या कानावर गेली. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. खोलीचा कारभार त्यांच्याकडेच असे. त्यांना वाईट माणूस समजू नका. कोणाचे मूल आजारी असले तर ते स्वतःहून लवकर घरी सोडत. कोणाची पाठ दुखली, डोके दुखले, तर आपल्या खणातून गोळी काढून देत. त्यांचा एकच हट्ट होता. वस्तू जागच्या जागी पाहिजे.

"एक हरवली," मास्तर म्हणाले. "दुसरी हरवली तर दार फोडायचं का? वस्तू जपायला शिका जरा."

त्यांनी टेबलाच्या मोडक्या पायाचा एक तुकडा कापला. त्याला भोक पाडले. सुतळी ओवून मला बांधले आणि जाड पेनाने ठोकळ्यावर लिहिले, 'महिला'. मग आपल्या टेबलावरच्या खिळ्याला अडकवून म्हणाले, "आता हरवून दाखवा."

सगळे हसले. बायकाही हसल्या. मावशी सगळ्यांत मोठ्याने हसल्या. मला वाटले, माझी बढती झाली. उंच जागा, शेजारी खिडकी, खिडकीबाहेर एक बारके झाड.

*

आता चालून बघा.

तुम्ही बाई आहात. तुम्हाला जायचे आहे. तुम्ही मशीन थांबवता. इतक्या मशीनच्या आवाजात एक आवाज थांबला की लगेच कळतो. माना वळतात. तुम्ही रांगेतून निघता. इस्त्रीवाल्यांच्या वाफेतून जाता. कटिंगवाल्यांच्या कात्र्यांसमोरून जाता. मास्तरांच्या डोक्यावरून हात लांब करून मला काढता. ठोकळा भिंतीला आपटतो. ठक. आता ज्यांचे लक्ष नव्हते त्यांचेही गेले.

मग तो ठोकळा हातात घेऊन अख्खी खोली उलटी चालायची. लपवता येत नाही. एकीने एकदा कापडात गुंडाळून बघितला, तेव्हा तो बाळासारखा दिसला आणि लोक जास्त हसले. जाऊन आल्यावर मला परत खिळ्याला लावायला पुन्हा इकडे. मग पुन्हा जागेवर.

इस्त्रीवर एक उंच माणूस होता. त्याला लंबू म्हणत. लंबू स्वभावाने चांगला होता, पण त्याला एकच विनोद येत होता. कोणी बाई माझ्याकडे निघाली की तो इस्त्री वर उचलून विचारी, "काय, स्टेशन आलं?"

परत आली की, "आज गाडी लवकर सुटली."

थोड्या वेळाने तीच पुन्हा निघाली की, "पॅसेंजर दिसते. सगळीकडे थांबते."

एवढेच. ह्याहून वावगे तो कधी बोलला नाही. महिन्यातल्या काही दिवसांत बायकांच्या हाताला मी फार जड लागे. ते हात थंड असत. तेव्हाही लंबू तेवढेच बोले, कारण त्याला काही माहीतच नसे.

कोणी कोणाला मनाई केली नव्हती. हे नीट ऐका. 'जाऊ नये' अशी पाटी माझ्या शेजारी कधीच लागली नाही. बायकांनीच पाणी पिणे सोडले.

*

मी एक जुनी किल्ली आहे.

पुन्हा सुरुवात करते, कारण इथून पुढे माझी गोष्ट कमी आणि कॉलरची जास्त आहे. मला तिच्या हाताचा स्पर्शही आठवेनासा झाला होता. तरी माझी गोष्ट तिच्याशिवाय सांगता येत नाही.

कॉलरला मुलगी झाली. मुलगी मोठी झाली आणि रोज सकाळी आईची हिरवी बाटली भरून देऊ लागली. ते तिचे घरातले काम होते. कॉलर ती बाटली मशीनखाली ठेवी. दिवसभरात एक-दोन वेळा ओठ ओले करी. संध्याकाळी सुटल्यावर ती बाहेर येई, माझ्या खिडकीखालच्या झाडाशी थांबे आणि बाटली बुंध्याशी ओती. भरलेली बाटली घरी नेली असती तर मुलीने विचारले असते.

बाकीच्या बायकाही तिथेच ओतत. ते बारके झाड काय वाढले म्हणून सांगू. दोन वर्षांत त्याने माझी खिडकी झाकली. सगळे म्हणत, ह्या झाडाला जागा मानवली.

*

माझा आणि तिचा गौरव

मास्तर रांगेतून फिरताना कॉलरच्या मशीनशी थांबत. "हिच्याकडे बघा. सकाळी बसली की संध्याकाळी उठते. माझ्या किल्लीला हिचा हात माहीत नाही."

कॉलर मान खाली घालून हसे. घरी जाऊन हे ती सासूला सांगे, आणि सासू शेजारणीला. कष्टाळू बाई म्हणून तिचे नाव झाले. नवीन आलेल्या मुलींना तिच्या शेजारी बसवत. ती त्यांना टोके कशी काढायची ते शिकवी आणि हळू आवाजात दुसरेही शिकवी. "सकाळी चहा घ्यायचा नाही. घ्यायचाच तर अर्धा. तोंड कोरडं पडलं तर लवंग धरायची. पहिला महिना जड जातो. मग शरीराला कळतं."

वर्षातून एकदा मालक सगळ्यांना जमवून दोन-चार जणांचे कौतुक करत. एका वर्षी कॉलरला बक्षीस मिळाले. काचेचे सहा पेले, खोक्यात. टाळ्या वाजल्या.

मलाही त्या काळात फार उचलावे लागत नव्हते. माझे दात झिजले नाहीत. ठोकळ्यावरची धूळ मास्तर अधूनमधून पुसत. म्हणत, "बघा, वस्तू जपली की टिकते."

*

निळ्या दरवाज्याच्या आत दोघी जणी कधी एकत्र येत, तेव्हा मी एकीच्या हातात असे. तिथे जे ऐकले ते सांगते.

"कॉलरला परत ताप आलाय म्हणे."

"उष्णता आहे. एका जागी बसून बसून होते."

"डॉक्टरकडे गेली होती ना?"

"गेली की. नवरा बरोबर होता, डॉक्टरही पुरुष. काय सांगणार? म्हणाली पोटात दुखतं. कुठं विचारलं, तर वर हात ठेवला. पित्ताची गोळी घेऊन आली."

"आणि खरं कुठं दुखतं?"

"खाली गं. जळजळतं. तुला नाही का होत?"

नळाचे पाणी वाहत होते.

"होतं. पण ते सगळ्यांनाच होतं ना?"

"सगळ्यांनाच होतं."

"मग झालं तर."

मला बोलता आले असते तर.

असो. कॉलरची पाठही दुखू लागली होती. मास्तर फेरीत आले की स्वतःहून गोळी देत. ती रोज एक गोळी घेऊ लागली. कोरडीच गिळायची.

*

मग तिच्या पायांना सूज येऊ लागली. चपलेचा पट्टा बसेना. ती सुट्ट्या घेऊ लागली आणि एक दिवस मुलीला बरोबर घेऊन आली. मुलीचे शिक्षण अर्धवट राहिले होते. आईची जागा जायला नको म्हणून तिने ती सांभाळायची, असे घरात ठरले होते. सगळ्यांनी तिला लगेच छोटी कॉलर करून टाकले.

पहिल्याच दिवशी छोटी उठली.

"आई, जाऊन येते."

"कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"थांब की. सुट्टी होईलच आता."

"सुट्टीत रांग असते म्हणाल्या मावशी."

"मग घरी गेल्यावर."

"आई, घर संध्याकाळी."

ती निघाली. रांगेतून, वाफेतून. लंबूने इस्त्री वर उचलली. "काय, नवीन गाडी वाटतं. स्टेशन आलं का?"

"आलं," छोटी म्हणाली. "तुम्ही उतरताय?"

सगळी खोली हसली. लंबू स्वतः सगळ्यांत जास्त हसला. मास्तरांनीही चष्मा काढून डोळे पुसले. मला तिने खिळ्यावरून काढले तेव्हा तिचा हात कोमट होता, रोजचे काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा. इतक्या वर्षांत असा हात मला लागला नव्हता.

मी वळून बघितले. कॉलरची मशीन भरधाव चालली होती. त्या दिवशी तिच्या एका कॉलरचे टोक वाकडे आले. मी तिला उसवताना पहिल्यांदाच पाहिले.

संध्याकाळी झाडाच्या फांद्यांतून मला दोघी दिसल्या.

"आई, ही बाटली मी सकाळी भरून दिली होती."

"हो."

"रोज इथं ओततेस?"

"झाडाला लागतं."

"आणि तुला?"

"मला सवय आहे." मग जरा थांबून, "तिथं उलटं बोलत जाऊ नकोस. सगळे हसले ना?"

"मला नाही हसले. त्या बोलण्याला हसले."

"माझ्या कानाला ते एकच वाटतं गं."

*

त्यानंतर कॉलर कामावर आली नाही. मोठ्या दवाखान्यात तिची तपासणी झाली. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. कधीची तरी, हळूहळू. आता ठरलेल्या दिवशी तिला एका मशीनला जोडतात आणि रक्त धुऊन परत अंगात सोडतात, असे छोटीने मावशींना सांगितले. मावशी खाली बघून बटणे लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुलूप मीच मागितलं होतं गं."

मालकांना कळले तेव्हा त्यांनाही खरेच वाईट वाटले. ते खोलीत आले, मास्तरांच्या टेबलाशी उभे राहिले. "बायका पाणी पीत नाहीत हो. स्वतःच्या तब्येतीची काळजी म्हणून नाही. अडाणीपणा, दुसरं काय."

आठवड्याभरात माझ्या शेजारी, खिडकीखाली, थंड पाण्याचा कूलर आला. त्याच्यावर एक रंगीत कागद चिकटवला: 'भरपूर पाणी प्या.' कागदावर हसणारी बाई होती आणि तिच्या हातात पेला होता.

कूलर नवा होता. सगळ्यांनी येऊन त्याला हात लावून बघितला. पाणी मास्तर प्यायले, लंबू प्यायला, कटिंगवाले प्यायले. बायका बघून आपापल्या जागी गेल्या.

मी कूलरच्या बरोबर वर टांगलेली होते.

*

एका दुपारी सुट्टीत छोटीने मला ठोकळ्यासकट उचलले, पण ती निळ्या दरवाज्याकडे वळली नाही. मला पिशवीत टाकून ती रस्त्यावर आली. इतक्या वर्षांत मी प्रथमच बाहेरचे ऊन बघितले. कोपऱ्यावर एक किल्लीवाला बसला होता.

"हिच्यासारखी एक करून द्या."

त्याने ठोकळा उलटासुलटा केला. "कसली किल्ली?"

"घरातली."

"घरातल्या किल्लीला एवढा ठोकळा? घरात हत्ती आहे का?"

छोटीला हसू आले. मग तिने खरे सांगितले. "कारखान्यातल्या संडासाची आहे. बायकांच्या."

तो हसला नाही. त्याने कानस खाली ठेवली, दुसरी, बारीक कानस घेतली. "मग नीट करतो. आत गेल्यावर अडकायला नको."

त्याने मला चिमट्यात धरले, आणि माझ्या शेजारी एका कोऱ्या पितळेला माझे दात फुटू लागले. मित्रांनो, मला बहीण परत मिळत होती.

छोटीने ती बटणवाल्या मावशींच्या मशीनमागे लावली. त्याच जुन्या खिळ्याला. मावशींनी तो खिळा कधी काढलाच नव्हता.

पहिले दोन दिवस कोणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एक गरोदर मुलगी गेली. मग दुसरी गेली. मग एक दिवस दुपारी माझ्याखाली गुडगुड आवाज झाला. कूलरमधले पाणी कमी झाले की आत बुडबुडा चढतो, त्याचा. बायका बाटल्या भरून नेत होत्या. खिडकीखालच्या झाडाशी संध्याकाळी कोणी थांबेना.

मी दिवसचे दिवस खिळ्याला लोंबकळत राहिले. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यांत चांगला काळ. मला कोणी हात लावत नव्हते आणि ह्यापूर्वीही लावत नव्हते, पण दोन्हीत केवढा फरक होता.

लंबू म्हणाला, "काय झालंय? सगळ्यांचा प्रवास बंद?"

मास्तर समाधानाने म्हणाले, "कॉलरच्या आजारपणातून शिकल्या बायका. शिस्त आली."

मावशींना खोकल्याचे निमित्त करून हसू दाबावे लागले.

*

ह्या ठिकाणी गोष्ट संपवता आली असती.

*

मावशी कॉलरला भेटायला गेल्या. आजारी माणसाला आनंदाची बातमी द्यावी म्हणून त्यांनी सगळे सांगितले. तुझी पोरगी बघ कशी वाघीण निघाली, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलर कारखान्यात आली.

मी तिला आधी ओळखले नाही. चेहरा फुगलेला, रंग मातीसारखा, पायांत नवऱ्याच्या मोठ्या चपला. आधी ती मावशींच्या मशीनशी गेली आणि मागच्या खिळ्यावरून नवी किल्ली काढली. छोटी उठून उभी राहिली. "आई, काय करतेस?"

कॉलर वळली. ती चालू लागली. रांगेतून. वाफेतून. कात्र्यांसमोरून. सगळ्या मशीन एकेक करून थांबल्या. ती अख्खी खोली चालून माझ्यापाशी आली. मी त्या टेबलावर आल्यापासून ती हे अंतर प्रथमच चालत होती. तिने नवी किल्ली टेबलावर ठेवली.

"मास्तर, ही तुमची. पोरीनं न विचारता करून घेतली. अजाण आहे. एवढी चूक पदरात घ्या. तिला काढू नका."

मास्तरांना काही कळेना. मग कळले. त्यांचा चेहरा आधी रागावला आणि मग तिच्याकडे बघून विरघळला. "अहो बाई, ह्यासाठी ह्या अवस्थेत आलात? बसा आधी."

"आमच्या घरात कोणी कधी लबाडी केली नाही, मास्तर."

"मला का माहीत नाही? तुमच्यासारखी बाई ह्या खोलीत दुसरी झाली नाही." त्यांचा सूर खोटा नव्हता.

ती असे का वागली, ह्याचा मी फार विचार केला आहे. पोरीची जागा जाईल ही भीती होतीच. पण मला वाटते, दुसरेही काही होते. ज्या अडचणीपायी तिने आपले शरीर इतकी वर्षे कोरडे ठेवले, ती कोपऱ्यावरचा किल्लीवाला दुपारच्या सुट्टीत सोडवू शकत होता. हे मान्य केले असते तर तिच्या हातात काय उरले असते? काचेचे सहा पेले. तेही खोक्यातच होते.

मास्तर स्वतः उठले. कूलरमधून पेलाभर पाणी घेऊन आले. "घ्या. पाणी तरी घ्या."

तिने पेल्याकडे बघितले. ओठांवरून जीभ फिरवली. मी तिच्या इतक्या जवळ होते की मला तिचे ओठ फुटलेले दिसले.

"नको. डॉक्टरांनी बंद केलंय."

"पाणी बंद?"

"मोजून घोटभर. जास्त झालं की अंगात साठतं, श्वास लागतो." मग ती सहज म्हणाली, "तहान मात्र आता लागते. पूर्वी लागायची नाही."

पेला टेबलावर राहिला. कोणी उचलला नाही.

मावशी मागून आल्या होत्या. त्यांनी तिचा दंड धरला. "चल, बस जरा. जायचंय का तुला? दार उघडू का?"

"नाही गं," कॉलर म्हणाली. "आता लागतच नाही."

ती हे कुठल्या सुरात म्हणाली, ते मला विसरता येत नाही. मास्तरांनी कौतुक केले की मान खाली घालून हसायची, त्याच सुरात.

लंबूची इस्त्री एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तशीच राहिली होती. जळका वास खोलीभर पसरला, तेव्हा कोणीतरी ती उचलली.

छोटीने आईचा हात धरला. "चल आई. घरी चल." ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

*

छोटीला कामावरून काढले नाही. मास्तर शब्दाला जागले. नवी किल्लीही त्यांनी फेकली नाही. वस्तू फेकणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी सुतळी सोडली, माझ्या शेजारी तिला ओवले आणि दुहेरी गाठ मारली. "दोघी एकत्र. आता हरवायची भीतीच नाही."

आता आम्ही दोघी एकाच ठोकळ्याला आहोत.

काही महिन्यांनी सगळ्या मशीन पुन्हा थांबल्या, ह्या वेळी एकदम, आणि सगळे उभे राहिले. मास्तर कॉलरबद्दल चार शब्द बोलले. म्हणाले, कष्टाळू. म्हणाले, प्रामाणिक. म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदाही जागेवरून उठली नाही." बायकांनी डोळे पुसले. छोटी आईच्या मशीनशी उभी होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितले. मग मान खाली घातली.

*

मी एक जुनी किल्ली आहे.

अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. आम्हाला जपा, तेल द्या, गंजू देऊ नका, असे. मित्रांनो, मला जपू नका. मला हरवा. चिंध्यांचे पोते खाली नेहमीचेच आहे.

पण तेही मागण्यात अर्थ नाही. मी हरवले तर नवे कुलूप येईल, नवी किल्ली येईल. ठोकळा आहेच.

मग एवढेच करा. तुमच्या वर्गात कोणी बोट वर करून उभे राहिले आणि बाहेर जायला निघाले, तर त्याच्याकडे बघू नका. आणि घरी गेल्यावर आईला विचारा, आज पाणी प्यायलीस का. ती हो म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. पेला ओला आहे का, ते बघा.

मला इथून छोटी दिसते. तिची टोके आता आईसारखीच सरळ येतात. लंबूने विनोद करणे सोडले आहे, पण आता त्याची गरज उरलेली नाही. कूलरवरची बाई हसते आहे. छोटीच्या मशीनखाली हिरवी बाटली आहे. दिवस मावळायला आला आहे आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे.

ती उठली. पिशवी घेतली, बाटली घेतली.

खिडकीबाहेर झाड वाट बघते आहे.